‘सेल्फ’ घेत नाही!

गेल्या काही वर्षांतल्या एका संक्रांतीची गोष्ट. अ‍ॅशबर्नमधल्या एका शाळेच्या सभागृहात आपला कार्यक्रम झाला. तीळगूळ वाटून झाला, नाट्यगीतं झाली, गुळाची पोळी संपली (नेहमीप्रमाणे माझ्यापर्यंत येण्याआधीच). रात्री साडेदहाच्या सुमाराला आम्ही पार्किंगमध्ये आलो तर थंडी हाडं गोठवणारी. कोपऱ्यात एक मिनीव्हॅन बॉनेट उघडून उभी होती आणि तिच्याभोवती आपले सहा-सात पुरुष कोंडाळं करून उभे. बॅटरी उतरली होती. मुलांसाठी आतला दिवा लावला होता, तो संध्याकाळभर तसाच राहिला.

सहा-सात जणांत मिळून निदान आठ इंजिनिअरिंगच्या पदव्या असतील. चर्चा जोरात होती. लाल आधी की काळी आधी? गाडी चालू ठेवायची की बंद? एकजण फोनवर काहीतरी शोधत होता, पण हातमोजे घालून फोन चालेना आणि हातमोजे काढले तर बोटं चालेनात.

माझे बाबा तेव्हा सोलापूरहून आमच्याकडे आलेले. सत्तरी ओलांडलेली, अंगात माझं जाकीट, डोक्यात माकडटोपी. त्यांनी दोन मिनिटं हे सगळं पाहिलं आणि म्हणाले, “एवढे जण आहात, ढकला की रे! सेकंडला टाकून क्लच सोड म्हणावं त्याला.”

सगळे हसले. मी म्हटलं, “बाबा, या गाडीला क्लच नाही.”

बाबा काही बोलले नाहीत. गाडी अखेर केबल लावून सुरू झाली. घरी जाताना मात्र त्यांनी विचारलं, “मग इथं एकट्या माणसाची गाडी बंद पडली तर काय करतात?” प्रश्न साधा होता. त्याचं उत्तर शोधताना मी शंभर-सव्वाशे वर्षं मागे गेलो. तेच आज तुमच्यासमोर मांडतोय.

हँडलचा जमाना

आपल्याकडे गाडीच्या स्टार्टरला ‘सेल्फ’ म्हणतात. “सेल्फ मार”, “सेल्फ घेत नाही” ही वाक्यं ऐकत आपण मोठे झालो. हा शब्द ‘सेल्फ-स्टार्टर’ या जुन्या नावातून उरला आहे. गाडी ‘स्वतःहून’ सुरू होते, हीच एकेकाळी नवलाई होती. तोपर्यंत गाडी सुरू करायची म्हणजे समोर उभं राहून लोखंडी हँडल भोकात घालायचं आणि ताकदीनं फिरवायचं. ज्यांनी जीप किंवा अँबॅसडरला हँडल मारलेलं पाहिलंय त्यांच्या डोळ्यांसमोर हे चित्र येईल.

हँडल मारणं हे नुसतं कष्टाचं नव्हे, धोक्याचं काम होतं. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलट फिरे आणि हँडल हाताला फटका देई. मनगटाजवळचं हाड एका विशिष्ट जागी मोडण्याला हाडांचे डॉक्टर आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. ड्रायव्हर लोकांना हँडलच्या फटक्यानं होणारी ती दुखापत. आपल्या मंडळातल्या डॉक्टरांना विचारून पाहा.

सेल्फच्या जन्माची एक कथा अमेरिकेत नेहमी सांगितली जाते. मोटारी बनवणारे बायरन कार्टर डेट्रॉइटजवळ एका बंद पडलेल्या गाडीतल्या बाईंच्या मदतीला थांबले. हँडल उलटलं, त्यांना जबर मार लागला आणि पुढे १९०८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड त्यांचे मित्र. आपल्या गाड्यांमुळे यापुढे माणसं मरता कामा नयेत, असं त्यांनी ठरवलं. या कथेच्या तपशिलांबद्दल इतिहासकारांमध्ये वाद आहेत. पण कॅडिलॅकनं हँडल घालवण्याचं मनावर घेतलं, हे खरं.

डेटनचा केटरिंग

हे काम ज्याच्याकडे आलं तो माणूस ओहायोतल्या डेटनचा, चार्ल्स केटरिंग. हे नाव मी आधी ऐकलं ते माणूस म्हणून नव्हे, गावाचं नाव म्हणून. २००३ मध्ये मी एम.एस.साठी डेटनला उतरलो तेव्हा शेजारच्या केटरिंग या उपनगरात आम्ही चौघं एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो. ते गाव याच गृहस्थांच्या नावानं वसलं आहे, याचा पत्ता मला कित्येक वर्षांनी लागला. त्या गावात माझ्या बाबतीत काय घडलं ते पुढे सांगतोच.

केटरिंग आधी डेटनच्याच नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होते. तिथं त्यांनी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. तिथं त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट फार महत्त्वाची. गल्ल्याचा खण उघडायला जोर लागतो, पण क्षणभरच. मग दिवसभर चालणारी मोठी मोटर कशाला? लहान मोटरला क्षणभर तिच्या ताकदीपलीकडे राबवायचं आणि लगेच विश्रांती द्यायची. मोटारीचं इंजिन विजेनं फिरवायचं तर अवाढव्य मोटर लागेल, असं तेव्हाचे जाणकार म्हणत. केटरिंग यांनी गल्ल्याची युक्ती गाडीला लावली. एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याच्या घरामागच्या गोठ्यासारख्या शेडमध्ये हे प्रयोग चालत. त्यातून ‘डेल्को’ कंपनी उभी राहिली. १९१२ च्या कॅडिलॅकवर विजेचा सेल्फ बसून बाजारात आला.

मोटरला क्षणभर प्रचंड करंट देणारी बॅटरी मात्र त्याआधीच तयार होती. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५९ मध्ये शिशाच्या पत्र्यांची, गंधकाम्लात बुडवलेली, पुन्हा चार्ज होणारी बॅटरी केली. १८८१ मध्ये कामी फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देऊन तिची ताकद वाढवली. तुमच्या-माझ्या पेट्रोलच्या गाडीत आज जी बॅटरी आहे ती मूळ कल्पनेनं तीच. सहा घरं, प्रत्येक घरात दोन व्होल्टपेक्षा थोडं जास्त, मिळून साधारण १२.६ व्होल्ट.

सेल्फनं मोठी उलथापालथ केली. त्या काळी शहरातल्या अनेक स्त्रिया विजेवर चालणारी गाडी पसंत करत, कारण तिला हँडल नसे. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवत. सेल्फ आला आणि पेट्रोलच्या गाडीसाठी दंडात ताकद असण्याची अट संपली. विजेच्या गाड्या हळूहळू मागे पडल्या. त्यांना पेट्रोलच्या गाडीतल्या एका विजेच्या मोटरनं मागे टाकावं, ही गंमतच. फोर्डच्या मॉडेल टी ला मात्र विजेचा सेल्फ १९१९ मध्ये मिळाला.

पण मंडळी, इथंच पहिली गोम आहे. हँडलचा माणूस स्वतःच्या दंडावर अवलंबून होता. सेल्फचा माणूस एका डब्यावर अवलंबून झाला. डबा रिकामा झाला की त्याला दुसरं कुणीतरी लागतं.

सोलापूरची पद्मिनी

आता थोडं आपल्या गावाकडे. सोलापूरला १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी भारतात मोटारींचा कारखाना काढण्याचा ध्यास घेतला. क्रायस्लर कंपनीशी करार करून १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि १९४७ मध्ये मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. वालचंद १९५३ मध्ये गेले. पुढे फियाटशी झालेल्या करारातून ११०० हे मॉडेल आलं आणि सत्तरच्या दशकात त्याचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी ती हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली. वीस वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली, तेव्हा अनेक मुंबईकरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

१९८८ मध्ये बाबांनी सेकंडहँड पद्मिनी घेतली. आमच्या गल्लीतली ती पहिली चारचाकी. सोलापुरात थंडी ती कसली! पण बॅटरी जुनी, आणि नवी घ्यायची तर पगाराकडे बघावं लागे. बॅटरीवाला महिन्याला डिस्टिल्ड वॉटर घालून जाई, कधी रात्रभर चार्जिंगला घेऊन जाई. तरी सकाळी किल्ली फिरवली की ‘कट्’ असा एकच आवाज. बाबा खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडत, “सेल्फ घेत नाही!”

ती गल्लीला हाक असे. दाढीचा साबण तोंडाला लावलेले काका, शाळेला निघालेली मुलं, दूधवाला, सगळे मागून लागत. बाबा सेकंड गिअर टाकून क्लच दाबून बसत. गाडीनं वेग घेतला की क्लच सोडत. चाकांनी इंजिन फिरे, ठिणगीपुरता जीव बॅटरीत शिल्लक असे आणि गाडी एक धक्का खाऊन सुरू होई. मागे धुराच्या ढगात आम्ही पोरं टाळ्या पिटत असू.

या धक्क्याचा हिशेब कुणी लिहून ठेवला नव्हता, पण तो होता. रात्री दोन वाजता समोरच्या वहिनींना कळा सुरू झाल्या तेव्हा त्या आमच्याच गाडीतून दवाखान्यात गेल्या, आणि त्या रात्रीही गाडी गल्लीनंच ढकलली होती. कुणाच्या वडिलांना स्टेशनवर सोडायचं, कुणाच्या मुलीच्या लग्नाला गाडी सजवायची. बाबांनी कधी नाही म्हटलं नाही. नाही म्हणून चालणारही नव्हतं. उद्या सकाळी ढकलणार कोण?

क्लच गेला, केबल आली

मग अमेरिकेत धक्का का चालत नाही? त्याचं उत्तर ऑटोमॅटिक गिअरमध्ये आहे. जनरल मोटर्सनं १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी ‘हायड्रामॅटिक’ आणलं. अशा गिअरमध्ये सगळं काम तेलाच्या दाबावर चालतं आणि तो दाब देणारा पंप फिरवतं इंजिन. इंजिन बंद, तर पंप बंद. मग चाकं कितीही फिरवा, ती इंजिनाला फिरवू शकत नाहीत. सुरुवातीच्या बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत मागच्या बाजूला, चाकांबरोबर फिरणारा दुसरा पंप असे. त्यामुळे त्या ढकलून सुरू करता येत. साठच्या दशकाच्या मध्याला खर्च वाचवण्यासाठी कंपन्यांनी हा पंप काढून टाकला. तिथं अमेरिकन गाडीचा धक्का संपला. उरली ती केबल.

त्याच काळात आणखी बदल झाले. अमेरिकन गाड्या आधी सहा व्होल्टच्या असत. १९५३ ते १९५६ च्या दरम्यान त्या भराभर बारा व्होल्टवर गेल्या. म्हणजे काही वर्षं शेजारच्या दोन गाड्यांचे व्होल्टच वेगळे असण्याची शक्यता होती. काही गाड्यांत बॉडीला ऋण टोक जोडलेलं, तर काहींत, उदाहरणार्थ १९५५ पर्यंतच्या फोर्डमध्ये, धन टोक जोडलेलं. साठच्या दशकात डायनमो जाऊन आल्टरनेटर आला. आल्टरनेटरमध्ये डायोड असतात, आणि केबल उलटी लागली तर ते क्षणात जळू शकतात. पुढे गाडीत कॉम्प्युटर आले आणि चुकीची किंमत वाढतच गेली.

ती किंमत मी मोजली आहे. जानेवारी २००४, गाव केटरिंग. पहाटे माझी पंधरा वर्षांची जुनी गाडी सेल्फ घेईना. रूममेटनं त्याची गाडी शेजारी आणून लावली. त्याला दुपारी इंटरव्ह्यूसाठी कोलंबसला जायचं होतं, तरी तो थांबला. मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर, मला कोण शिकवणार? बॅटरीवर बर्फ आणि पांढरी बुरशी साचलेली, अधिक-उणे चिन्हं दिसत नव्हती. मी अंदाजानं केबल लावली. मोठी ठिणगी उडाली, जळका वास आला आणि त्याच्या डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. त्याचा आल्टरनेटर गेला होता.

इंटरव्ह्यू चुकला. तो मला एका शब्दानं बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं. दुरुस्तीचे पैसे मी कॅम्पसवरच्या तासाच्या कामातून सहा महिन्यांत फेडले. ठिणगी माझ्या डोळ्यांपासून फूटभर अंतरावर होती, हे मात्र फार नंतर कळलं. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचं प्रमाण चार टक्के झालं तरी ठिणगीनं तो पेटतो. बॅटरी फुटली की गंधकाम्ल चेहऱ्यावर उडतं. आल्टरनेटर बदलून मिळतो, डोळा मिळत नाही.

मग करायचं कसं?

म्हणून इतिहासाच्या लेखात ही कृती घुसडतोय. प्रत्येक पायरीमागचं कारण लक्षात ठेवलं की क्रम आपोआप आठवतो.

१. आधी बॅटरी नीट पाहा. तडा गेलेली, गळणारी, फुगलेली किंवा आत गोठलेली दिसली तर केबलला हात लावू नका. पूर्ण उतरलेली बॅटरी साधारण उणे सात सेल्सिअसला गोठू शकते, कारण आत आम्ल कमी आणि पाणी जास्त उरलेलं असतं. बुरशी पुसून चिन्हं वाचा. चष्मा घाला.

२. दोन्ही गाड्या एकमेकींना चिकटू देऊ नका. दोन्ही बंद, ब्रेक लावलेला, दिवे आणि हीटर बंद. दोन्ही बॅटऱ्या बारा व्होल्टच्याच हव्यात.

३. लाल चिमटा आधी बंद गाडीच्या धन टोकाला, मग लालचं दुसरं टोक चालू गाडीच्या धन टोकाला.

४. काळा चिमटा चालू गाडीच्या ऋण टोकाला.

५. काळ्याचं शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीला नको! ते तिच्या इंजिनाच्या रंग नसलेल्या, जाड धातूच्या भागाला, बॅटरीपासून लांब लावा. शेवटची जोडणी होताना ठिणगी पडते. ती वायूपासून लांब पडावी एवढाच उद्देश. बॉडी आणि इंजिन ऋण टोकालाच जोडलेले असल्यानं करंट बरोबर पोचतो.

६. चालू गाडी काही मिनिटं चालू ठेवा, मग बंद गाडीचा सेल्फ मारा. सुरू झाली की केबल बरोबर उलट क्रमानं काढा.

काही गाड्यांची बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असते आणि बॉनेटखाली केबलसाठी वेगळी टोकं दिलेली असतात. हायब्रिड गाडीनं दुसऱ्याला करंट देणं काही कंपन्यांना मान्य नसतं. तेव्हा गाडीचं पुस्तक एकदा वाचाच. सुरू झालेली गाडी दहा मिनिटं फिरवून बॅटरी भरत नाही. ती चार्जरवर लावा आणि तपासून घ्या. तीन ते पाच वर्षं हे बॅटरीचं सर्वसाधारण आयुष्य. आणखी एक गोष्ट, बॅटरी मरते व्हर्जिनियाच्या उन्हाळ्यात, उघडकीला येते थंडीत. उन्हानं ती आतून झिजलेली असते. मग शून्य सेल्सिअसला तिची ताकद सुमारे दोन तृतीयांश उरते, उणे अठराला चाळीस टक्क्यांच्या आसपास. त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलातलं इंजिन जास्त जोर मागत असतं.

अ‍ॅशबर्न आणि शिशाचा डबा

आपण राहतो त्या अ‍ॅशबर्नला ‘डेटा सेंटर अ‍ॅली’ म्हणतात. खिडक्या नसलेल्या त्या प्रचंड इमारतींत जगभराचं इंटरनेट नांदतं. माझं पोट त्यांच्यावरच चालतं. वीज गेली तर बॅटऱ्या काही मिनिटं भार पेलतात, तोवर आवारातले रेल्वेच्या इंजिनाएवढे डिझेल जनरेटर सुरू होतात. ते सुरू कशानं होतात? बहुतेक ठिकाणी शिशाच्या बॅटरीनं आणि सेल्फनं! जनरेटर सुरू झाला नाही तर आधी त्याची बॅटरी बघा, असं ते सांभाळणारे लोक सांगतात. विजेच्या गाड्यांचंही तेच. बहुतेकींत मोठ्या बॅटरीशिवाय एक छोटी बारा व्होल्टची बॅटरी असते, आणि ती उतरली की लाख रुपयांची गोष्ट सोडा, साधं दारही कुरकुर करतं.

३ जानेवारी २०२२ ला हिमवादळानं आपल्या दक्षिणेला आय-९५ महामार्ग ठप्प झाला. चाळीसेक मैलांच्या पट्ट्यात माणसं रात्रभर अडकली, काही चोवीस तासांहून अधिक. आपले सिनेटर टिम केन सत्तावीस तास गाडीत होते. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करावं तर थंडी आणि बॅटरी, दोन्हींची भीती. त्या रात्री अनोळखी लोकांनी एकमेकांना खाणं दिलं, पाणी दिलं. अशा वेळी डिकीतली केबल कुणाच्या उपयोगी पडेल, हे आधी सांगता येत नाही.

आता खिशात मावणारे लिथियमचे जम्प स्टार्टर मिळतात. चांगल्यांना उलटी जोडणी ओळखता येते. जरूर घ्या, एकटं असताना तेच कामाला येतं. बाबांच्या प्रश्नाचं तांत्रिक उत्तर खरं तर तेच आहे. परत जाण्याआधी मी त्यांना ते यंत्र दाखवलं. त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. म्हणाले, “बरं आहे. पण हे चार्ज करून ठेवायला लक्षात राहतं का तुझ्या?”

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी त्याचाही दिवा लाल होता.

तेव्हा मंडळी, यंदा संक्रांतीच्या कार्यक्रमाला येताना डिकीत केबल टाका. कार्यक्रम संपल्यावर पार्किंगमधली शेवटची गाडी सुरू झाल्याचा आवाज ऐकूनच घरी निघा. आणि कुणाचा सेल्फ घेत नसेल तर मला हाक मारा. मी चिन्हं वाचून, चष्मा लावून येतो.